मूळ प्रत आपल्या घरी

लेख लिहून झाला की मी तो एकाच ठिकाणी प्रसिद्ध करतो, माझ्या स्वतःच्या वर्डप्रेसवर. तिथून तो आपोआप ब्लॉगरवर जातो आणि मास्टोडॉनवर त्याचा दुवा पोचतो. ही किमया आरएसएसची. १९९९ साली नेटस्केपमध्ये जन्मलेलं हे साधं तंत्र: नवा मजकूर आला की एका फाइलीत त्याची नोंद होते, आणि दुसरीकडची यंत्रणा ती फाइल अधूनमधून वाचून मजकूर उचलते. इतक्या वर्षांनीही ते चोख चालतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

वेळ वाचतोच, पण मला ही सोय हवी आहे ती लेखन टिकावं म्हणून. जिओसिटीज ही संकेतस्थळ-सेवा २००९ मध्ये बंद झाली, ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये. माणसांनी जीव ओतून लिहिलेलं किती काही त्यांच्यासोबत गेलं! ते आठवलं की आजही हळहळ वाटते.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. तोच मजकूर अनेक पत्त्यांवर दिसला, तर मूळ कोणता हे शोधयंत्राला ठरवता येईलच असं नाही. म्हणून प्रतीच्या पानात मूळ पत्ता सांगणारा कॅनॉनिकल दुवा हवा. मीडियम या ब्लॉगमंचावर लेख आयात केला की तो आपोआप लागतो. जिथे तशी सोय नाही, तिथे लेखाखाली मूळ दुवा ठळकपणे द्यावा.

वाचकांना उत्तरं मात्र मी स्वतःच देतो. ते काम यंत्राचं नव्हे.

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रती हव्या तिथे पाठवा, पण मूळ लेख स्वतःच्या डोमेनवर ठेवा.