उत्तरवयातली सेवा : घानातली मिशनरी जोडपी

ज्येष्ठ मिशनरी जोडपे म्हणजे नोकरीतून निवृत्त झालेले, मुलाबाळांच्या जबाबदारीतून मोकळे झालेले आणि स्वतःच्या खर्चाने धर्मसेवेसाठी दूर जाणारे नवरा-बायको. ही प्रथा द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती संप्रदायात चांगलीच रुजली आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यू यॉर्क राज्यात हा संप्रदाय स्थापन केला. आज त्याचे मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे आणि बाहेरचे लोक त्याच्या अनुयायांना मॉर्मन म्हणतात. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावून दोघादोघांनी हिंडणारे तरुण सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्या तरुणांच्या राहण्याची सोय लावणारी, हिशेब ठेवणारी, कुणाला ताप आला तर धावणारी वडीलधारी माणसे मात्र सहसा नजरेत येत नाहीत. त्यांचा दिवस कसा जातो हे पश्चिम आफ्रिकेतल्या घानात चांगले दिसते, कारण तिथे या संप्रदायाची अधिकृत सुरुवातच अशा जोडप्यांच्या हातून झाली.

त्या सुरुवातीला एक दुखरी बाजू आहे. शंभराहून अधिक वर्षे या संप्रदायात कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारले जात होते. जून १९७८ मध्ये ही बंदी उठली. पण घानातले काही लोक त्याआधीच या पंथाकडे वळले होते. केप कोस्ट भागात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांनी १९६४ पासून, कुठल्याही अधिकृत मान्यतेविना, स्वतःच मंडळ्या उभ्या केल्या. सॉल्ट लेक सिटीला पत्रे जात राहिली आणि माणसे वाट पाहत राहिली. ज्यांना दारात उभे केले नव्हते, त्यांनीच इतकी वर्षे दिवा तेवत ठेवावा, ही निष्ठा थक्क करणारी आहे. अखेर नोव्हेंबर १९७८ मध्ये रेंडेल आणि रेचेल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन ही दोन जोडपी नायजेरिया आणि घानासाठी निघाली आणि डिसेंबरात घानात पहिले बाप्तिस्मे झाले. पुढे जून १९८९ मध्ये घाना सरकारने संप्रदायाच्या कामकाजावर बंदी घातली, परदेशी मिशनरींना देश सोडावा लागला आणि नोव्हेंबर १९९० पर्यंत स्थानिक सभासदांनी घराघरांत उपासना केली. जानेवारी २००४ मध्ये अक्रा इथले मंदिर खुले झाले.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मिशनरी म्हटले की वेगळे चित्र येते. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, किंवा पुढे अहमदनगरला ठाण मांडलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक ऐन तारुण्यात आले, मराठी शिकले आणि त्यांतले कित्येक इथल्याच मातीत गेले. हॉल १८२६ मध्ये पटकीने वारले. आजच्या ज्येष्ठ जोडप्याची गोष्ट उलटी आहे. ते आयुष्य उभे करून मग येते आणि ठरलेल्या मुदतीनंतर परत जाते. मुदत सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिन्यांची असते. तरुणांना मात्र निवड नाही : मुलांना दोन वर्षे, मुलींना दीड.

जाण्याआधी डॉक्टर आणि दंतवैद्याकडून तपासणी होते, अर्ज जातो. कुठे जायला आवडेल हे जोडप्याला कळवता येते, पण अंतिम नेमणूक सॉल्ट लेक सिटीहूनच होते. युटातल्या प्रोव्हो इथल्या संप्रदायाच्या प्रशिक्षण केंद्रात थोडे दिवस काढून, पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला आणि मलेरियाच्या गोळ्या सामानात घेऊन ते विमानात बसतात. तेव्हापासून नवरा ‘एल्डर’, बायको ‘सिस्टर’ आणि पुढे आडनाव. एवढ्या काळात नावाने हाक मारणारे एकमेकांशिवाय कुणी उरत नाही. खर्च स्वतःच्या पेन्शनीतून आणि साठवणीतून करायचा. २०११ मध्ये संप्रदायाने घरभाड्याच्या खर्चाला कमाल मर्यादा घातली, त्यामुळे मध्यम उत्पन्नाच्या जोडप्यांनाही हे झेपू लागले.

घाना विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर सकाळी सहाच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. दिवसाची सुरुवात प्रार्थना आणि ग्रंथवाचनाने होते. ऊन तापायच्या आत दोघे फिरून येतात. हरमाटन वारे सुरू झाले, म्हणजे साधारण डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, सहारातली बारीक धूळ आकाश भरून टाकते आणि टेबल पुसले तरी तासाभरात पुन्हा राखाडी दिसते. न्याहारीला अननस, पपई, अंडी, पाव. चहा आणि कॉफी नाही, कारण संप्रदायाच्या आहारनियमात दोन्ही वर्ज्य आहेत. पाणी गाळून घ्यायचे, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का बघायचे, आणि दिवसाच्या यादीला लागायचे.

या यादीत धर्मप्रसार सहसा वरच्या ओळीत नसतो. किती लोकांना भेटायचे, किती धडे द्यायचे, असली लक्ष्ये तरुणांसाठी असतात. जोडप्याच्या वाट्याला येते ते ज्याच्यावाचून अडते ते काम. मिशन कार्यालयात नेमणूक असेल तर तरुणांचे व्हिसा, गाड्यांच्या दुरुस्त्या, टपाल, पैशांचा हिशेब. घरे शोधणे हा तर स्वतंत्र व्यवसायच होऊन बसतो. घानात भाडे सहा महिन्यांहून अधिक आगाऊ घेऊ नये असा कायदा १९६३ पासून आहे, पण घरमालक वर्षा-दोन वर्षांचे एकरकमी मागतात. जन्मभर दुकान किंवा शेती चालवलेला माणूस इथे उपयोगी पडतो, कारण त्याला घासाघीस करता येते आणि भिंतीतली ओल ओळखता येते.

मग पिकअप गाडी घेऊन तरुणांच्या घरांची तपासणी. एका घरात अनेकदा चौघे राहतात : कुणी नायजेरियाचा, कुणी लायबेरियाचा, कुणी घानातच दुसऱ्या टोकाचा, कुणी युटाचा. पाण्याचा फिल्टर धुतला आहे का, मच्छरदाणीला भोक नाही ना, गॅसची नळी ठीक आहे का, हे सिस्टर बघतात. पण तपासणी हे निमित्त. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला घरची आठवण आली आहे हे त्यांना न धुतलेल्या भांड्यांवरून कळते. चार मुले वाढवलेल्या बाईला ते शिकवावे लागत नाही, आणि कुठल्याही प्रशिक्षण केंद्राला ते शिकवता येणार नाही. सोबत नेलेला केकचा डबा तिथेच संपतो. मलेरियाची शंका आली तर फोन लागतो तो अशाच दुसऱ्या एका ज्येष्ठ मिशनरीला, जो निवृत्तीपूर्वी डॉक्टर होता.

काही जोडप्यांकडे मानवतावादी कामे असतात : गावातल्या बोअरची पाहणी, चाकाच्या खुर्च्यांचे वाटप, सुईणींना आणि परिचारिकांना नवजात बाळाचा श्वास सुरू करून देण्याचे प्रशिक्षण. काही अभिलेखागारात बसून जुन्या नोंदवह्यांची पानामागून पान छायाचित्रे घेतात, कारण पूर्वजांची वंशावळ या संप्रदायाला धार्मिक कर्तव्य वाटते. घानाच्या खेड्यांत जिथे लेखी नोंदी नाहीत, तिथे वडीलधाऱ्यांच्या तोंडून वंशावळी टिपून घेण्याचे काम स्थानिक लोक करतात. त्याची फळे पुढच्या पिढ्यांना मिळतील, मग त्या कुठल्याही पंथाच्या असोत.

खेड्यात गेल्यावर रीत पाळावी लागते. पाहुण्याला आधी बसवतात, पाणी देतात आणि मगच येण्याचे कारण विचारतात. देणे-घेणे उजव्या हाताने. मराठी माणसाला यातले काही वेगळे सांगावे लागले नसते. अमेरिकन जोडप्याला सुरुवातीचे काही आठवडे जातात. पिकल्या केसांना मात्र इथे आपोआप मान मिळतो. ज्या समाजात म्हातारपण झाकायचे असते, तिथून आलेल्यांना हा मान आधी अवघड वाटतो, मग तो त्यांना सरळ उभे करतो.

सर्वांत कठीण काम मात्र गप्प बसण्याचे. या संप्रदायात पगारी धर्मगुरू नसतात. स्थानिक शाखेचा अध्यक्ष तिशीतला शिक्षक किंवा मोटार मेकॅनिक असू शकतो. निवृत्त बँक अधिकारी त्याच्या शेजारी बसून हिशेबाची वही कशी ठेवावी हे दाखवतो, पण निर्णय त्याला घेऊ देतो. तो चुकेल असे दिसत असतानाही थांबायचे. पैशांच्या बाबतीतही तेच. आजारपण, शाळेची फी, थकलेले भाडे अशा कारणांनी हात पुढे येतात आणि कारणे खरी असतात. तरीही खिशातून पैसे न देता माणसाला शाखेच्या मदतनिधीकडे पाठवायचे, जो सभासदांच्या मासिक उपासातून उभा राहतो. हे कठोर वाटते, पण बरोबर आहे. जोडपे दीड वर्षाने निघून जाणार; त्याच्या पाकिटावर उभी राहिलेली मदत त्याच दिवशी कोसळते.

रविवारी दोन तासांची उपासना, प्रसाद म्हणून पाव आणि पाणी, इंग्रजी किंवा ट्वी, फांटे भाषेतली गाणी. सिस्टर बऱ्याचदा पियानोवर असतात, किंवा चार पोरांना की-बोर्ड शिकवत असतात.

संध्याकाळी घरी आल्यावर घड्याळ बघायचे. अक्रात रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात युटामध्ये दुपारचे दोन. फोनवर नातवंडे दिसतात. एखाद्या नातवाचा जन्मही असाच पडद्यावर पाहिलेला असतो. आपल्याकडचे आजी-आजोबा लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला जातात. हे अमेरिकन आजी-आजोबा नेमक्या त्याच वयात नातवंडांपासून दूर येतात. या सेवेची खरी किंमत ती आहे, डॉलरांत मोजायची नव्हे, आणि ती आजीला जास्त मोजावी लागते. दुसरीकडे, जोडप्याला काहीतरी मिळतेही. चाळीस वर्षे तो कामावर आणि ती घरी किंवा दोघे दोन कचेऱ्यांत. आता प्रथमच दोघांचे काम एक, गाडी एक, दमणे एक. खटके उडतात. रस्ता चुकल्यावर, उकाड्यात, कुणी कमी ऐकले म्हणून. पण रात्री बोलायला दिवसभराचा सामाईक विषय असतो.

मुदत संपली की गाडीच्या किल्ल्या, भाडेकरारांच्या फाइली आणि कुठला घरमालक कधी भेटतो याची टिपणे पुढच्या जोडप्याच्या हाती द्यायची. पुढचे जोडपे वेळेवर येतेच असे नाही. ज्येष्ठांची गरज नेहमीच संख्येहून जास्त असते आणि संप्रदायाचे नेते त्यासाठी वारंवार आवाहन करतात. मधल्या काळात कार्यालय तरुण मिशनरी सांभाळतात. घरी परतलेली काही जोडपी वर्ष-दोन वर्षांत पुन्हा अर्ज करतात. त्या वेळी घानाच मिळेल असे नसते.