रांजणांचं पठार आणि काटोल रोड

मी लाओसला निघालेय म्हटल्यावर नागपुरातल्या ओळखीच्यांचा पहिला प्रश्न असायचा, हा देश नेमका आला कुठं? थायलंड आणि व्हिएतनाम यांच्या मधोमध, वर चीन, खाली कंबोडिया, आणि समुद्र कुठंच नाही. आकारानं महाराष्ट्रापेक्षा लहान. अख्ख्या देशाची लोकसंख्या सत्तर-पंचाहत्तर लाख. मग दुसरा प्रश्न, तिथं बघण्यासारखं काय? मी सांगायची, डोंगर, मेकाँग नदी, जुने विहार आणि दगडाचे रांजण. रांजण ऐकून विषय तिथंच थांबायचा. मला मात्र त्या रांजणांनीच ओढलं होतं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुणी माणसं अख्ख्या शिळा पोखरून पुरुषभर उंचीचे रांजण करतात आणि उघड्या माळावर ठेवून जातात, हे वाचल्यापासून ते पाहायचेच असं मनानं घेतलं होतं.

2019 च्या हिवाळ्यात मी आणि माझी मैत्रीण, दोघी नुकत्याच निवृत्त झालेल्या, कोलकाता-बँकॉक करत लुआंग प्राबांगला उतरलो. या गावाबद्दल पर्यटक भरभरून लिहितात, म्हणून मी थोडक्यात आवरते. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावरची ही जुनी राजधानी 1995 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथल्या वाट शिएंग थाँग या सोळाव्या शतकातल्या विहाराच्या आवारात राजाच्या अंत्ययात्रेचा रथ ठेवलेली एक इमारत आहे. तिच्या दर्शनी बाजूवर सोनेरी कोरीवकामात रामायणातले प्रसंग आहेत. रामटेकच्या पायथ्याशी वाढलेल्या माझ्या मैत्रिणीचा पाय तिथून निघेना. पहाटे भिक्षूंची रांग भिक्षेला निघते, तेव्हा काही पाहुणे त्यांच्या तोंडासमोर कॅमेरे धरतात. ते पाहवलं नाही. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभं राहून नमस्कार केला आणि बाजूला झालो.

जेवणाची काळजी होती, ती पहिल्याच दिवशी मिटली. बांबूच्या झाकणाच्या टोपलीत वाफवलेला चिकट भात येतो. त्याचा हातानंच गोळा करायचा आणि भाजलेल्या मिरच्या-लसणाच्या कुटलेल्या ‘चेओ’त बुडवायचा. हा चेओ म्हणजे आपला ठेचाच. त्यात मासळीचा सॉस असतो, एवढं शाकाहारी माणसानं आधी विचारून घ्यावं.

तिथून आम्ही ईशान्येकडं वळलो. चुनखडीचे उभे कडे, त्यांच्या तळाशी नदी, उतारांवर सागाची लागवड. साग पाहून जीव जरा घरी आल्यासारखा झाला. आम्हाला जायचं होतं नाम एत-फू लुई या संरक्षित जंगलात, तिथल्या नाम नेर्न नदीवरच्या रात्रीच्या फेरीसाठी. अंधार पडल्यावर लांबोळी होडी वरच्या अंगाला नेतात, मग इंजिन बंद करून प्रवाहाबरोबर खाली सोडतात. पुढं बसलेला गावकरी हेडलाइटचा झोत काठावरून फिरवत राहतो. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. डिसेंबरची थंडी पाण्यावरून अंगात शिरत होती. बऱ्याच वेळानं झोत एका जागी थांबला. काठच्या गवतात दोन डोळे चमकले, मग मान दिसली. सांबर. ती मादी आमच्याकडं पाहत उभी राहिली आणि होडी तिच्यासमोरून सरकत गेली.

पेंचमध्ये सांबर दिसलं तर जिप्सी थांबतही नाही. “चला, पुढं चला, वाघ बघू,” असं मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतंच. इथं त्या एका मादीसाठी होडीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला होता. उतरल्यावर आमच्यासमोर एक कागद आला. कुठले प्राणी दिसले, त्यावर खुणा करायच्या. त्या नोंदीप्रमाणे आसपासच्या गावांच्या निधीत पैसे जमा होतात. प्राणी जितका दुर्मीळ, तितकी रक्कम जास्त. गावातल्या कुणी चोरटी शिकार केली तर त्या गावाचा वाटा कापला जातो. आमच्या सांबराचे पैसे कुठल्याशा गावच्या शाळेला किंवा पाण्याच्या नळाला लागणार होते. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटली, कारण तिच्यामागचं दुःख मोठं आहे. या जंगलात आता वाघ उरलेला नाही. ऑक्सफर्डच्या आणि लाओसच्या अभ्यासकांचा अहवाल आम्ही जाण्याच्या जरासा आधी, ऑक्टोबर 2019 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांच्या कॅमेऱ्यांत शेवटचे वाघ 2013 साली दिसले, त्यानंतर एकही नाही. बिबट्या तर त्याच्याही आधी संपला होता. बंदुकीपेक्षा तारेच्या फाशांनी घात केला. फासा लावायला खर्च नाही, आणि तो काय पकडायचं ते निवडत नाही.

त्याच 2013 साली आमच्याकडं नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ शंभरावर किलोमीटर चालून, शेतं, रस्ते आणि नदी ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोचला होता. 2016 मध्ये तोही बेपत्ता झाला आणि पुन्हा कुणालाच दिसला नाही. आपल्याकडं सगळं सुखरूप आहे, असं म्हणायची सोय नाही. पण नागपूरपासून दोन-तीन तासांच्या अंतरात वाघ अजून आहे, आणि तो आहे म्हणून पेंचच्या सिल्लारी, खुर्सापारच्या पोरांना गाइडचं काम आहे, हेही तितकंच खरं.

मग आम्ही दक्षिणेला शिएंगखुआंग प्रांतातल्या फोन्सावान गावी आलो. गाव साधं, सिमेंटचं. जुनं गाव युद्धात नामशेष झालं. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेनं लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, विमानांच्या सुमारे 5 लाख 80 हजार फेऱ्या झाल्या. त्यांतल्या क्लस्टर बॉम्बमधून पडलेल्या कोट्यवधी लहान गोळ्यांपैकी तीसेक टक्के फुटल्याच नाहीत. त्या अजून शेतात, बांधाखाली, शाळेच्या मैदानालगत निघतात. चेंडूएवढ्या असतात, म्हणून लहान मुलं उचलायला जातात.

रांजणांच्या पहिल्या ठिकाणी आमच्याबरोबर जवळच्याच गावातली एक वाटाडी होती, विशीतली. चालायला लागायच्या आधी तिनं जमिनीत बसवलेली एक चौकोनी खूण दाखवली. अर्धी पांढरी, अर्धी लाल. पांढऱ्या बाजूची जमीन तपासून साफ केलेली, लाल बाजूला पाय टाकायचा नाही. ‘मॅग’ या ब्रिटिश संस्थेच्या माणसांनी इथला माळ यंत्रं फिरवून साफ केला, तेव्हा कुठं लोकांना रांजणांपर्यंत निर्धास्त येता आलं. रांजणांच्या मधोमध बॉम्बचे खड्डे आहेत, आता त्यांत गवत वाढलंय. एक रांजण उभा चिरलेला आहे. ती त्याच्यावर हात ठेवून सांगत होती, तिच्या आजीच्या वेळी लोक पलीकडच्या गुहेत लपून राहत. त्याच गुहेत 1930 च्या दशकात मादलेन कोलानी या फ्रेंच संशोधक बाईंना जळालेल्या अस्थी सापडल्या होत्या. रांजणांचा संबंध मृतांच्या संस्काराशी आहे, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. गावातली कथा मात्र निराळी. कुण्या राजानं लढाई जिंकली आणि विजयोत्सवाची तांदळाची दारू या रांजणांत भरली.

मी एका रांजणाच्या आत हात घातला. आतली बाजू छिन्नीच्या घावांनी खडबडीत होती, घाव बोटांना एकेक करून लागत होते. तळाशी पावसाचं पाणी आणि सडलेली पानं. काठ मात्र नीट गोल काढलेला. ही शिळा काही किलोमीटर लांबच्या डोंगरातून आणली होती. आपल्या मेलेल्या माणसासाठी कुणी एवढे कष्ट का घेतले असतील, हा विचार करत असताना मला जुनापाणी आठवलं.

नागपूरहून काटोल रोडनं निघालं की शहर मागं पडता पडता जुनापाणी येतं. तिथं माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, एकूण तीनशेच्या आसपास. मधे माती आणि दगडगोट्यांचा भराव, त्याखाली दफन. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 साली त्यांच्यावर लिहिलं. इथून निघालेल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काही दगडांवर ओळीनं कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत, आणि काही अभ्यासकांना त्यांच्या मांडणीत आकाशाचा हिशेब दिसतो. जवळच्या महुरझरीला नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी 1970 नंतर उत्खनन केलं, तेव्हा माणसाबरोबर पुरलेला घोडा निघाला, त्याच्या डोक्यावरच्या तांब्याच्या अलंकारासकट. लोखंड वापरणाऱ्या या माणसांचा काळ साधारण तीन हजार वर्षांपूर्वी सुरू होतो. पुढं 2021 मध्ये रांजणांच्या दुसऱ्या ठिकाणच्या मातीच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत काही रांजण इसवी सनापूर्वी 1240 ते 660 या काळात तिथं बसवले गेल्याचं निघालं. म्हणजे तिकडं रांजण पोखरले जात होते त्याच सुमारास इकडं आपल्या माळावर वर्तुळं मांडली जात होती.

लाओसनं 15 ठिकाणचे 1,325 रांजण मोजले, नोंदवले आणि आम्ही जाण्याच्या काही महिने आधीच, जुलै 2019 मध्ये, ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. जुनापाणीही केंद्राच्या संरक्षित यादीत आहे. तरी माझ्या ओळखीतल्या दहा नागपूरकरांना विचारलं तर एखाद्यालाच ठाऊक असतं.

फोन्सावानजवळच्या नाफिया गावात एका घराच्या अंगणात मातीची भट्टी होती. घरधनी युद्धातल्या भंगाराचं ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततो. लाकडाच्या चौकटीत दाबून बसवलेल्या राखेत चमच्याचा साचा, वर एक लहान तोंड. पळीनं रस ओतला, तो पांढराशुभ्र चकाकला आणि क्षणात मळकट झाला. त्यानं चौकट उघडली, गरम चमचा बाहेर काढला आणि कडा कापल्या. बायको पलीकडं बसून घासून गुळगुळीत करत होती. आम्ही चमचे घेतले, पैसे दिले आणि नंतर बराच वेळ दोघीही काही बोललो नाही.

दक्षिणेला चंपासाकजवळच्या वाट फूला गेलो नसतो तर प्रवास अपुरा राहिला असता. डोंगराच्या माथ्यावर नैसर्गिक शिवलिंगासारखा सुळका, उतारावर मंदिर, आणि वर चढणाऱ्या जुन्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चाफा. शंकराचं हे स्थान पुढं बुद्धाचं झालं, आणि आजही गावकरी तिथं फुलं-उदबत्ती घेऊन येतात. याच परिसरात पाचव्या शतकातला राजा देवानीक याचा संस्कृत शिलालेख सापडला. त्यात त्यानं स्थापलेल्या तीर्थाचं नाव आहे कुरुक्षेत्र. त्याच शतकात आमच्याकडं नगरधनला, म्हणजे वाकाटकांच्या नंदिवर्धनला, राणी प्रभावतीगुप्ता राज्य चालवत होती आणि रामगिरीस्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, पायांशी बसून दानपत्रं देत होती. तिची मातीची मुद्रा नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात मिळाली आहे. वाट फूच्या पडक्या भिंतींचे दगड पुन्हा जागेवर बसवण्याचं काम आपल्याच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं केलेलं पाहून मन भरून आलं. आपल्या लोकांना हे काम उत्तम येतं.

म्हणून परतल्यापासून मी एकच गोष्ट ज्याला त्याला सांगत असते. पेंचला जे जमलं ते जुनापाणीला जमायला हवं. सिल्लारीचं पोरगं पगमार्कवरून नर की मादी ते सांगतं, तसं जुनापाणीच्या पोरीला कुठल्या वर्तुळातल्या कुठल्या दगडावर खळगे आहेत ते सांगता आलं पाहिजे, आणि त्याचे पैसे तिला मिळाले पाहिजेत. तिकिटातला वाटा गावाला गेला तर वर्तुळातला दगड कुणी बांधकामाला नेऊ देणार नाही. शहर त्या बाजूनं झपाट्यानं वाढतंय, आणि दगड कधी हलवला गेला ते सांगणारं तिथं कुणी नाही. नाम नेर्नच्या गावांनी एका सांबरावर हिशेब बसवला आहे, आणि आपल्याकडं तर अजून सगळं शिल्लक आहे.

तोवर आम्ही दोघी हिवाळ्यातल्या रविवारी शाळेतली मुलं घेऊन जुनापाणीला जातो. कुणाला यायचं असेल तर पावसाळा संपून गवत वाळल्यावर यावं, आणि सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. दुपारी सूर्य डोक्यावर आला की खळगे दिसत नाहीत.