आईसाठी चाखलेलं हैदराबाद

संक्रांतीनंतर आई आमच्याकडे मियापूरला आली. चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी. "तुह्या या उंच बिल्डिंगीत मले करमत नाही बापा. बोलाले माणूस नाही अन् भाकरीले चव नाही."

बाबा गेल्यापासून ती गुडीहत्नूरला एकटीच असते. आमचं गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर, आदिलाबादच्या अलीकडे. टपरीवर चहा पिताना मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू अशा चार भाषा कानावर पडतात. तिथलं घर विकायचा विषय मी काढला, की ती चहा ठेवायला उठते.

मागच्या महिन्यात बायको मुलीला घेऊन माहेरी, पुण्याला गेली होती. शनिवारी मी लॅपटॉप बंद केला, गाडी घरीच ठेवली आणि एकटाच निघालो. बारा वर्षं या शहरात नोकरी करतोय. पण माझं हैदराबाद म्हणजे ऑफिस, मॉल आणि मोबाइलवरून मागवलेली बिर्याणी. म्हटलं, आज हे शहर आईच्या जिभेनं चाखून बघू. तिला इथं आपलंसं वाटेल असं काही आहे का?

मेट्रोने नामपल्लीला उतरलो आणि चालत मोझमजाही मार्केट गाठलं. 1935 सालची दगडी इमारत, वर घड्याळाचा मनोरा. जवळच्या एका गाडीवर डोसा खाल्ला. आत उपम्याचा थर आणि वर लोणी. आई म्हणाली असती, "एवढं लोणी कोण खाते?" आणि संपवला असता.

पलीकडेच कराची बेकरी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबानं ती 1953 साली सुरू केली. फ्रूट बिस्किटांचा डबा घेतला आणि पाटीकडे बघत राहिलो. गाव सुटलं, पण नाव दारावर ठेवलं. घर विकायला निघालेल्या माणसाला ते जरा टोचलंच.

पुढे जांबाग. इथं विवेक वर्धिनी ही 1907 पासूनची आपल्या मराठी लोकांची शिक्षणसंस्था आहे. कोठीच्या पुढे इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय. 1956 पर्यंत नांदेड, परभणी, औरंगाबाद आणि आमचं आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होतं. नोकरी, कोर्ट, कॉलेज, सगळ्यासाठी लोक इथंच यायचे. मग राज्यांची वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके तिकडे मुंबई राज्यात गेले, नांदेडकडचा भैंसा-मुधोळचा भाग इकडे आला. आमचे मामा किनवटचे. वाटणीनंतर ते 'तिकडचे' झाले आणि आम्ही 'इकडचे'.

दुपारी अफझलगंजहून नया पूल ओलांडून चारमिनारला पोचलो. एका हॉटेलात बिर्याणी मागवली, सोबत मिरचीचं सालन आलं. तीळ, शेंगदाणे, खोबरं आणि चिंच. पहिल्याच घासाला थांबलो. ही तर आईच्या वांग्याची चव! असाच रस्सा वांग्यात घातला की हैदराबादी लोक त्याला बगारा बैंगन म्हणतात. आईची ती भाजी माझ्या पुणेकर बायकोला तेलुगू वाटते आणि माझ्या तेलुगू मित्रांना मराठी. लगेच आईला फोन लावला.

"आई, आपण वांग्यात चिंच का घालतो?"

"माह्या सासूनं शिकवलं. चिंच नाही टाकली त मंग वांग्याले चव कायची?"

चारमिनारजवळच उभ्यानं इराणी चहा घेतला. सोबत उस्मानिया बिस्किट, शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानांच्या नावाचं. आधी खारट, मागून गोड. आईला हे नक्की आवडेल, म्हणून पाव किलो बांधून घेतलं.

संध्याकाळी मेट्रोने मियापूरला परतलो. आमच्या कॉलनीच्या वळणावर रोज संध्याकाळी दोन-तीन बायका चुली मांडून ज्वारीच्या भाकरी विकतात. तेलुगूत जोन्न रोट्टे. मी रोज गाडीच्या काचा लावून जातो. त्या दिवशी पायी होतो, म्हणून थापण्याचा आवाज आला. थांबलो आणि तेलुगूत दोन भाकरी सांगितल्या. तेवढ्यात आईचा फोन.

"हो आई, पोचलोच घरी."

भाकरी थापणारी बाई हात थांबवून मराठीत म्हणाली, "कुठलं गाव तुमचं?"

"गुडीहत्नूर. आणि तुमचं?"

"आम्ही भैंशाचे. द्या की फोन आईला!"

मी फोन स्पीकरवर लावून तिच्यासमोर धरला. ज्वारी कुठून आणता, पीठ गरम पाण्यात मळता की गार, पोरं काय करतात... दहा मिनिटं दोघी बोलत होत्या. तेवढ्यात माझी एक भाकरी करपली. तिनं ती बाजूला ठेवून दुसरी थापली आणि पैसे मात्र दोनच भाकरींचे घेतले.

रात्री आईचा परत फोन आला. "एक महिना येतो. पण घराले कुलूप लावून येईन. इकाचं नाव काढू नको."

येत्या शनिवारी तिला आणायला निघतोय. कराची बेकरीचा डबा अजून फोडलेला नाही.