दोन गाद्या

माझी भाची दिवाळीला एकटी येत नाही. पुण्याहून शहाद्यापर्यंत एसटी, तेथून लोणखेड्याला रिक्षा. रिक्षातून आधी पिशव्या उतरतात, मग दोघीजणी. शेजारणी विचारतात, "ही कोण?" थोरली बहीण सांगते, "मैत्रीण." हा शब्द मोठा सोयीचा, पांघरुणासारखा हवा तितका ओढता येतो. रात्री माडीवर बहीण दोन गाद्या घालते, मध्ये हातभर अंतर ठेवून. सकाळी त्या एकमेकींना लागलेल्या असतात. बहीण मुकाट्याने वळकट्या बांधते.

गेल्या दिवाळीत तिने मला बोलावून घेतले. "तुझं ऐकते ती. लग्नाचं काढ." मी मास्तरीण, त्यातून कादंबऱ्या लिहिणारी, मला बोलता येते असा लोकांचा समज आहे.

दोघी करंज्या करीत होत्या. मी तोंड उघडण्याआधीच भाची म्हणाली, "मावशी, तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली मित्रा शेवटी जीव देते. ते १९८१ सालचं नाटक. पण तूही तुझ्या कादंबरीत दोघींतल्या एकीला सासरी धाडलंस. आम्हांला साधं म्हातारं कुणी होऊच देत नाही का गं?"

मी गप्प राहिले. पहिल्या खर्ड्यात त्या दोघी गोमाईकाठी एका खोलीत राहतात, म्हाताऱ्या होतात. ते प्रकरण मीच फाडले. शाळेत काय म्हणतील, या भीतीने. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे प्रेम गुन्हा नाही म्हटले, तेव्हाही वर्तमानपत्राचे ते पान मी घडी घालून पर्समध्ये लपवले होते.

भाचीला सारे पाठ होते. १७ ऑक्टोबर २०२३ला त्याच न्यायालयाने लग्नाला मान्यता नाकारली. पण २०२४ साली केंद्राने राज्यांना कळवले, की अशा एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना रेशनकार्डापुरते एकच कुटुंब धरावे. "सरकार आम्हांला एका घरातल्या म्हणतंय, मावशी. आईला एवढंच सांग."

रात्री बहिणीबरोबर माडीवर गेले. तिने नेहमीचे हातभर अंतर ठेवले.

"काढलंस लग्नाचं?"

"नाही." मग रेशनकार्डाचे सांगितले.

"दोघींचं एकच?"

"एकच."

ती बराच वेळ उशी झटकीत राहिली. गाद्या होत्या तिथेच राहिल्या. जिना उतरताना मात्र थांबून म्हणाली, "मग फराळाचा डबा वेगवेगळा कशाला? मोठाच काढते एक."