गीझर काय म्हणतोय?

मुंबईत स्वेटर घालायची वेळ वर्षातून जेमतेम चार दिवस येते. तीही फोटोपुरती. पण गरम पाण्याशिवाय आंघोळ? छे! भर मे महिन्यात, पंख्याखाली बसून घाम पुसता पुसता, आपण सकाळी सात वाजता गीझरचं बटण दाबतोच. लाल दिवा लागतो, आपण चहा टाकायला जातो आणि त्या बिचाऱ्याला विसरतो. एसीची दर उन्हाळ्याआधी सर्व्हिसिंग होते, वॉटर प्युरिफायरचं फिल्टर वेळेवर बदललं जातं. बाथरूमच्या छताशी टांगलेल्या त्या पांढऱ्या डब्याला मात्र कुणी विचारत नाही. तो बोलायला लागेपर्यंत!

आमचा बोलायला लागला तो जूनमध्ये. लालबागमध्ये, चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर. आधी कढईत मक्याचे दाणे टाकावेत तशी तडतड. मग आतून कुणीतरी खडे हलवतंय अशी गडगड. घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या. आईची पार्टी म्हणाली, ‘हा फुटणार!’ बाबांची म्हणाली, ‘काही होत नाही, टाकी वाजते.’ मी पडले पत्रकार. मी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकून दिला.

पहिलं उत्तर आलं थेट लंडनहून. तिथे नोकरी करणारी मैत्रीण म्हणाली, ‘अगं, हे तर केटलिंग!’ तिकडे घरोघरी बॉयलर असतो. आंघोळीचं पाणीही तोच तापवतो आणि हिवाळ्यात खोल्याही. तो असा किटलीसारखा वाजायला लागला, की प्लंबर एकच शब्द उच्चारतो, केटलिंग. लंडनच्या आसपासची जमीन खडूच्या दगडाची. त्यामुळे तिथलं पाणी जड, कॅल्शियमने भरलेलं. ‘पण तुमचं पाणी तर तलावाचं ना?’ तिने विचारलं. प्रश्न एकदम करेक्ट होता.

तानसा, वैतरणा, भातसा... पालिकेचं पाणी पावसाचं. मऊ. साबणाला भरपूर फेस येणारं. त्यात क्षार फार नसतात. मग आमच्या टाकीत खडे कुठून आले?

दरम्यान, अॅपवरून बोलावलेला एक टेक्निशियन येऊन गेला. दोन मिनिटं वर बघितलं, डब्यावर टकटक केलं आणि निकाल दिला, ‘मॅडम, टाकी गेली. नवीनच घ्या.’ झाकण उघडायची तसदी नाही. कोटेशन मात्र मोबाइलवर तयार!

तेव्हा आजोबा खुर्चीतून उठले.

आजोबा ब्याऐंशीचे. लालबागच्या एका गिरणीत बॉयलर हाऊसमध्ये फायरमन होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांनी बॉयलरसमोर फावडं धरलं नाही. आता कानात मशीन आहे. गीझरचा आवाज त्यांना ऐकूसुद्धा येत नव्हता. मी त्यांना तडतड, गडगड असं सगळं तोंडाने वाजवून दाखवलं. ते म्हणाले, ‘आवाज कसा, ते राहू दे गं पोरी. कधी येतो, ते सांग.’

कधी? म्हणजे काय कधी?

‘बटण दाबल्या दाबल्या? पाणी तापताना? तापून झाल्यावर? नळ सोडल्यावर, का नळ बंद केल्यावर?’

आणि मग त्यांनी जे केलं ते बघायला आम्ही सगळे बाथरूमच्या दारात उभे होतो. कानातलं मशीन काढलं. आपल्या लाकडी काठीचं एक टोक टाकीला टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटले. आवाज हवेतून कानात येतो तसा हाडातूनही येतो. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतात, तोच फंडा. बटण दाबलं. पाचेक मिनिटं शांतता. मग तडतड सुरू झाली आणि लाल दिवा विझल्यावर हळूहळू थांबली. ‘टाकीला काही झालेलं नाही,’ आजोबा म्हणाले. ‘कॉइलवर खार चढलाय.’

आता हे त्यांना कसं कळलं? गिरणीच्या बॉयलरला हाच आजार व्हायचा म्हणून! पाणी तापलं की त्यात विरघळलेला कॅल्शियमचा क्षार बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे कॉइलवर, खपलीसारखा बसतो. खपलीखाली अडकलेलं थोडंसं पाणी एकदम तापून त्याची वाफ होते. तो बुडबुडा बाहेरच्या कमी गरम पाण्यात आला की पटकन मिटतो. असे शेकडो बुडबुडे मिटतात आणि आपण म्हणतो गीझर तडतडतोय. गिरणी बंद असली की मजूर आत शिरून हातोडीने बॉयलरची खपली पाडायचे, असं आजोबांनी सांगितलं. खपली तशीच राहिली तर उष्णता पाण्यात जायला अडते, धातू नको तितका तापतो. गिरणीत त्याची भीती मोठी. घरात कॉइल जळण्यावर निभावतं.

आणि क्षार कुठून आला त्याचं उत्तर सोसायटीच्या वॉचमनकडे मिळालं. एप्रिल-मे दोन्ही महिने रोज टँकर येत होते. टँकरचं पाणी बहुतेकदा विहिरीचं किंवा बोअरचं. जमिनीतून आलेलं, म्हणजे जड. तुमच्या बिल्डिंगमध्ये टँकर येतो का, नळाच्या तोटीवर पांढरा थर दिसतो का, हे एकदा बघा. गीझरच्या पोटात काय चाललंय त्याचा अंदाज बाहेरूनच येईल.

तर आजोबांच्या ‘कधी’वरून मी गीझरच्या आवाजांची एक यादीच केली. फ्रिजवर लावून ठेवायला हरकत नाही.

टक्! असा एकच आवाज, बटण दाबल्यावर अठरा-वीस मिनिटांनी: हा थर्मोस्टॅट. १५ लिटरची टाकी आणि २ किलोवॉटची कॉइल असेल तर पाणी २५ अंशांवरून ६० वर जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे सगळं ठीक.

टिक... टिक... तापताना आणि बंद झाल्यावर: पत्रा आणि पाइप गरम होऊन प्रसरण पावतात, गार होताना आकसतात. दुर्लक्ष करा.

थेंब थेंब, तेही फक्त तापताना: सेफ्टी व्हॉल्व. तापलेलं पाणी फुगतं. १५ लिटरमागे पेलाभर पाणी जास्त होतं आणि ते कुठेतरी जायला हवं. व्हॉल्व गळतोय म्हणून त्याला एमसील लावणारे महाभाग आहेत. कृपा करून लावू नका!

ठण्ण! नळ पटकन बंद केल्यावर: धावतं पाणी अचानक थांबलं की पाइपला धक्का देतं. भिंतीवरचा क्लॅम्प सैल असेल. गीझरचा संबंध नाही.

फुसफुस, खळखळ, पाणी आल्या आल्या: पाइपमधली हवा. गिरगाव-दादरच्या जुन्या बिल्डिंगमधल्यांना हे सांगायला नको.

झूंऽऽ असा आवाज, पण टाकीतून नाही, स्विचमधून: हा मात्र सीरियस. २ किलोवॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. वायर सैल असेल तर तिथे ठिणग्या पडतात, प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. मेन स्विच बंद, मग इलेक्ट्रिशियनला फोन.

आणि शेवटचा. गडगड सुरूच आहे, दिवा विझायचं नाव घेत नाही, नळातून पाण्याबरोबर वाफ येते: थर्मोस्टॅट अडकलाय. नळाशी खेळत बसू नका. लगेच मेन बंद करा आणि गार होईपर्यंत तिकडे फिरकू नका.

आमची केस सोपी निघाली. गल्लीतल्या प्लंबरदादांनी लाइट बंद करून टाकी रिकामी केली, खालची प्लेट खोलली आणि कॉइल बाहेर काढली. तांब्याची कॉइल म्हणे! दिसत होती चुन्यात बुडवलेल्या ऊसासारखी. तळातून वाडगाभर पांढऱ्या खपल्या निघाल्या. शेजारी मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. आमचा झिजून पेन्सिलीएवढा झाला होता. कॉइल सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात भिजवली, रॉड नवीन टाकला, गॅस्केट बदललं. नव्या गीझरच्या किमतीच्या एक पंचमांशात काम फत्ते.

खरं तर हे ऐकणं आपल्या घरांना नवीन नाही. गिरगावात माझ्या आईच्या माहेरी मोरीजवळ तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात करवंट्या, लाकडाच्या ढलप्या. पणजी स्वयंपाकघरातून न उठता सांगायची म्हणे, पाणी झालं का ते. बंब आधी गुणगुणतो, मग आवाज वाढतो आणि खळखळून उकळी आली की तोच आवाज खाली येतो. त्यात पाणी आहे की नाही, हेही आवाजावरून कळायचं. रिकामा बंब पेटवला तर डाख सुटायची, त्यामुळे कान देणं भागच होतं. इकडे १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली, आणि पुढे अख्खं गिरणगाव वाफेच्या भोंग्यावर उठायला-जेवायला लागलं. बॉयलर सांभाळायला सर्टिफिकेट असलेला माणूस लागायचा. १९२३ चा बॉयलर कायदा होता. त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. घरच्या गीझरला मात्र सर्टिफिकेटवाला कुणी नाही. तिथले फायरमन आपणच.

इथवर गंमत होती. पण ‘कधी’ हा प्रश्न खरा कामाला आला तो दादरमध्ये.

माझी एक मैत्रीण तिथे भाड्याने राहते. जुनी बिल्डिंग, छोटं बाथरूम, आत गॅस गीझर. गीझरच्या यादीत बसेल असा एकही आवाज नाही. नळ सोडला की आतला स्पार्क टिकटिकतो, भुस्स करून ज्योत पेटते, पाणी गरम. ती म्हणाली, ‘आमचा एकदम शहाणा आहे.’ मग सहज बोलता बोलता म्हणाली, हल्ली डोकं फार दुखतं. स्क्रीनमुळे असेल. मी विचारलं, ‘कधी दुखतं?’

ती थांबली. सकाळी. आंघोळीनंतर. रविवारी जास्त. रविवारी ती केस धुते, म्हणजे अर्धा तास आत.

बाथरूमची खिडकी पावसाचं पाणी येतं म्हणून अॅक्रिलिक शीटने बंद केलेली होती. गीझरची ज्योत निळीऐवजी पिवळी होती. गॅस जळायला हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. हा वायू कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. माणसाला वाटतं जागरण झालंय, अॅसिडिटी झालीय. आणि मग तो बंद दारामागे खाली पडतो. आपल्या शहरात असे मृत्यू झाले आहेत, धडधाकट तरुण माणसांचे.

तिच्या घरमालकाचं म्हणणं, ‘इतकी वर्षं काही झालं नाही.’ ती हटली नाही. त्याच दिवशी गीझर बंद केला, शीट काढली आणि बादलीत रॉडने पाणी न तापवता चक्क गॅसवर पातेलं चढवलं. दोन आठवड्यांत गीझर बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत गेला, बाथरूममध्ये फक्त पाण्याचा पाइप आला. रविवारची डोकेदुखी गेली.

लंडनवालीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात ज्या खोलीत बॉयलर असतो तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकावर बंधनकारक आहे. हा अलार्म आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो. एका वीकएंडच्या पार्टीपेक्षा महाग नाही.

तेव्हा दोस्तहो, वाजणाऱ्या गीझरला घाबरू नका. तो काय म्हणतोय ते त्याला नीट विचारा: कधी? तुमच्याकडे गॅस गीझर असेल तर मात्र आवाजाची वाट बघू नका. आज घरी गेलात की तीन गोष्टी बघा. गीझर बाथरूमच्या आत आहे का, खिडकी उघडते का, ज्योत निळी आहे का. एकाचंही उत्तर चुकीचं आलं तर तो बंद करा आणि उद्याची आंघोळ थंड पाण्याने करा. मुंबईत तेवढी थंडी पडत नाही!