एकशे सत्तावीस

तांब्याच्या पत्र्याची एक कड तापवली तर उष्णता आत कशी पसरत जाते, एवढाच प्रश्न होता. १९८९ साल. विभागात पीसी-एक्सटी एकच. खोलीबाहेर चपला काढायच्या, वहीत नंबर लावायचा. दिवसाचे तास वरिष्ठांचे. माझ्या वाट्याला रात्र आली.

पत्र्यावर १२८ गुणिले १२८ बिंदूंची जाळी मांडली. प्रत्येक बिंदूच्या तापमानाला चार बाइट, म्हणजे ६५,५३६. टर्बो पास्कलने साफ नकार दिला. ८०८८ प्रोसेसरचा सेगमेंट, म्हणजे मेमरीचा एका वेळचा तुकडा, तेवढाच, आणि पास्कलला सबंध सेगमेंट एकाच ॲरेला देणे मंजूर नव्हते. मग एक आडवी, एक उभी रांग कापली. १२७ गुणिले १२७, ६४,५१६ बाइट. मावले! माझ्या प्रबंधातला पत्रा १२७चा का, याला भौतिकशास्त्रात उत्तर नाही.

पुढे ८०८७ ही आकडेमोडीची चिप आली. प्रोसेसरशेजारी तिच्यासाठी रिकामा सॉकेट होताच. चिप बसवायची आणि बोर्डावरचा एक बारीक खटका सरकवायचा. रात्रभराचे काम तासाभरावर आले. मी खूश. इतका, की प्रोग्रॅम नीटनेटका करायला घेतला. तापमानाचे सूत्र एका लांबलचक ओळीत होते. सरांना वाचता यावे म्हणून त्याचे दोन तुकडे केले, मधली बेरीज एका व्हेरिएबलमध्ये ठेवली. बाकी काही नाही. उत्तराचे शेवटचे अंक बदलले.

तीन रात्री मी स्वतःची चूक शोधत होतो. चूक नव्हतीच. ८०८७ आतल्या आत ८० बिटांत हिशेब करते; माझे व्हेरिएबल ३२ बिटांचे. मधली बेरीज तिथे ठेवली की शेपूट छाटली जाई, आणि हजारो फेऱ्यांत ती छाटणी साचत जाई. एका ओळीत लिहिले की छाटणी एकदा, दोन ओळींत दोनदा. कोष्टक पाहून सर एवढेच म्हणाले, ‘‘यातले अंक पत्र्याचे किती आणि यंत्राचे किती?’’

दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली. पहिले चार अंक जुळत होते. प्रबंध तोवर टाइप होऊन आला होता, प्रत्येक तापमान सात अंकी. एक अख्खी दुपार व्हाइटनर घेऊन बसलो. टायपिस्ट म्हणाला, खोडलेल्याचे पैसे परत मिळणार नाहीत.