मनोऱ्यालगतचं कुरण

तंजावरहून साठेक किलोमीटरवर, पाल्कच्या उपसागराकाठी, दुसऱ्या सरफोजीराजांनी उभारलेला आठ मजली मनोरा आहे. इंग्रजांच्या या मित्राने नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून १८१४ च्या सुमारास तो बांधला. मला मात्र सरफोजी भावतात ते पशुपक्ष्यांची हुबेहूब चित्रं काढून घेणारे, सरस्वती महाल ग्रंथालयातले. इथवर आले तीही तशाच कुतूहलापोटी.

जवळच्या मल्लिपट्टिणमहून पहाटे एका मच्छीमाराच्या होडीतून निघालो. पाणी उथळ, निवळ. तळाशी समुद्री गवत डुलत होतं. ब्राह्मणी घारी घिरट्या घालत होत्या, सुरय सूर मारत होते. माझे डोळे पाण्याखालीच. या गवतावर जगणारी समुद्री गाय, डुगाँग, इथल्या कोळ्यांची ‘आवुळिया’, चरत गेली की मागे उघड्या वाळूची नागमोडी वाट राहते. नावाड्याअण्णांनी इंजिन बंद करून तशी एक वाट दाखवली. ती ताजी होती की जुनी, हे त्यांनाही सांगवेना. आम्ही बराच वेळ तिथेच थांबलो.

पूर्वी हिचं मांस आवडीने खाल्लं जाई, हे अण्णांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आता जाळ्यात सापडली तर सोडायची. हवा घ्यायला तिला दर काही मिनिटांनी वर यावं लागतं. अडकली की ती बुडून मरते. म्हणजे विचाराला वेळच नाही, सुरी काढून जाळं कापायचं. वर्षाहून जास्त काळ गर्भ वाढवून ती एकच पिल्लू देते, पुढचं कित्येक वर्षांनी. इथे एक मरण फार महागात पडतं.

२०२२ साली तमिळनाडूने तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांलगतचं ४४८ चौरस किलोमीटर पाणी तिच्यासाठी राखलं; देशातलं असं पहिलंच क्षेत्र. समुद्राला कुंपण नाही, मासेमारीही चालूच आहे. तेव्हा ही राखण खरी होते ती अण्णांसारख्यांच्या होडीत. सोडवणाऱ्यांचा वनखातं सत्कार करतं, बक्षीस देतं. ते योग्यच, पण फाटलेल्या जाळ्याची पुरेपूर भरपाई, तीही वेळेवर, हा मला त्यांचा हक्क वाटतो. दर्शनाच्या आशेने येणाऱ्या माझ्यासारख्यांनीही त्या भरपाईला हातभार लावायला हवा.

आवुळिया दिसली नाही. परतताना अण्णा गवताबद्दलच बोलत राहिले. कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं त्यातच वाढतात, आणि तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरांनी ते उपटलं तर गाईआधी आमच्याच चुली विझतील, असं त्यांचं म्हणणं.